आबांनी सोडलेली जागा

काचेच्या पेटीत ठेवलेली माझी मुलगी मध्येच श्वास घ्यायला विसरायची. विसरणं हा शब्द माझा नाही, डॉक्टरांचा. "वेळेच्या फार आधी आलेली बाळं विसरतात," ते म्हणाले होते. "मेंदू अजून शिकतोय. आपण आठवण करून द्यायची."

आठवण करून द्यायची म्हणजे तळपायाला बोटानं टिचकी मारायची. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा निळा आकडा आधी सावकाश उतरायचा, मग एकदम घसरायचा. घंटी वाजायची. सिस्टर पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायच्या आणि माझ्या अंगठ्याएवढ्या त्या पावलावर टिचकी बसायची. झोपमोड झाल्यासारख्या आठ्या कपाळावर आणून मुलगी श्वास घ्यायची. मग मी घ्यायचे.

व्हेंटिलेटरची नळी काढून तिला नुकतंच नाकातल्या बारीक नळ्यांच्या हवेवर आणलं होतं. श्वास तिचा तिनं घ्यायचा, हवा फक्त मदतीला. विसरण्याचं प्रमाण कमी झालं तर ठीक. वाढत गेलं तर पुन्हा घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. नळी काढल्यावर तिची छाती कशी आत ओढली जात होती, ते मी पाहिलं होतं. पुन्हा नळी घातली तर ती फुप्फुसं किती सोसतील, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

त्या विभागात दुपारी शांततेचा एक तास असे. दिवे मंद करत. दारावर ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाचं चित्र लावत. पेट्यांच्या खिडक्या आपटायच्या नाहीत, खुर्च्या ओढायच्या नाहीत. त्या तासात आयांनी पेटीजवळ बसून बोलावं, गुणगुणावं, अशी तिथली पद्धत होती. पोटात असताना ऐकलेला आवाज बाळाला ओळखीचा असतो, त्यानं ते निवांत होतं, ठोके स्थिरावतात, असं सिस्टर समजावून सांगत. यात जादू नाही, हेही सांगत. आवाज कुजबुजीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. जास्त झालं की बाळ दमतं, पंजा उघडून बोटं ताणून धरतं. ते त्याचं "पुरे" असतं.

"बोला ना मॅडम तुम्ही," सिस्टर मला म्हणायच्या.

"काय बोलू?"

"काहीही. त्या पलीकडच्या ताई रोज बाळाला सासूची गाऱ्हाणी सांगतात. बाळ एकदम खूश."

मी लवळ्याच्या टेकडीवर एका विद्यापीठात ग्रंथपाल आहे. "शांतता राखा" ही पाटी माझ्याच खुर्चीमागे आहे, त्यामुळे कमी बोलण्याची मला सवय आहे. पण तेव्हा माझा आवाज बंद झाला होता त्याचं कारण ते नव्हतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते नुकतेच गेले होते. मी पेटीवर वाकून तोंड उघडलं की नुसती हवा यायची. एकदा पिशवीतलं पुस्तक काढून वाचायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर मलाच तो आवाज परका वाटला. मुलीनं हातपाय आखडून घेतले. मी पुस्तक मिटलं.

आबा वीज मंडळात लाइनमन होते. कासार आंबोलीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. गावात शनिवार-रविवारचे बंगले आले, बंगल्यांत एसी आले, एसीमुळे फ्यूज उडायला लागले आणि आबा निवृत्त झाल्यावरही त्यांना हाका येत राहिल्या. त्यांचा एक नियम होता. खांबावर चढल्यावर ते खालच्या माणसाला विचारत, "लाइन बंद हाय का?" खालून "बंद!" असं ऐकू आल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नसे. "त्यानं ऐकलं असंल, असं धरून चालायचं न्हाई," ते म्हणत. "उत्तर आलं की मगच हात पुढं." ही सवय त्यांनी घरातही आणली होती. जेवताना "मीठ वाढू का?" असं विचारून चमचा हवेत धरून बसायचे. कुणी हो-नाही म्हणेपर्यंत चमचा तसाच. आई वैतागायची. "अवो, वाढा की! का मिठाला बी परमिट लागतंय?"

संध्याकाळी घरात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना व्हायची. आबा एक ओळ म्हणायचे, मागून आम्ही तीच ओळ म्हणायची, मग ते पुढची घ्यायचे. विहारातही गावासाठी तेच पुढे म्हणत. बाळंतपणाआधी मी माहेरी राहायला आले, तेव्हा घरी पुढे आबा आणि मागे मी, दोघंच असायचो. आईची ओळ स्वयंपाकघरातून, फोडणी टाकून झाली की यायची. मी सावकाश म्हणते. आबांनी मला कधी घाई केली नाही. पोटात मूल हलायला लागल्यावर एक गंमत व्हायची. आबांची ओळ चालू असताना ते गप्प असायचं आणि माझी ओळ सुरू झाली की लाथ मारायचं. मी पोटावर हात ठेवला की आबांना कळायचं. "दोघींनी म्हटली," ते म्हणायचे. मुलगीच होणार हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढे सुट्टी संपवून मी काही दिवसांसाठी भुकूमच्या आमच्या फ्लॅटवर जाणार होते, तेव्हा आबांनी आईच्या फोनवर सगळी वंदना एकट्यानं म्हणून ठेवली. "तितं तुला पुढं म्हणणारं कोण हाय?" ते म्हणाले. "पाव्हणं तर सारखं कानात बोंडं घालून बसत्यात." पाव्हणं म्हणजे माझा नवरा, बोंडं म्हणजे त्याचे हेडफोन. ते रेकॉर्डिंग ऐकायची वेळ माझ्यावर आली नाही. मी निघण्याच्या आधीच एका दुपारी आबा जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. गेलेल्या माणसासाठी सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. पुढे दुसऱ्या कुणीतरी म्हटली. मी मागच्या भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी मुलगी आली, यायच्या वेळेच्या कितीतरी आधी.

आबांचं रेकॉर्डिंग ऐकवायची कल्पना माझ्या नवऱ्याची. "तुला बोलवत नाहीये तर आबा आहेत ना," तो म्हणाला. "तिनं पोटात रोज तेच ऐकलंय." मला ते पटलं. खरं तर मला सुटल्यासारखं झालं. माझ्याऐवजी आबा बोलणार होते.

नवरा आयटीत आहे. त्यानं कासार आंबोलीला जाऊन आईच्या फोनमधून फाइल घेतली. आईनं त्याला चहा दिला आणि फोनही हातात दिला. "पाव्हणं, ह्यो फोन लई भरलाय बघा. फोटू बी निघंना झालाय. जरा मोकळा करून द्या." त्यानं मोकळा करून दिला. मग रात्रभर बसून आवाज स्वच्छ केला. दुसऱ्या दिवशी मला उत्साहानं सांगत होता, "मागे पंख्याची घरघर होती, कुकर होता, एक कोंबडंसुद्धा होतं. सगळं काढलं. मध्ये मध्ये मोठे गॅप होते, तेही काढले. आता तासात दोन-तीनदा ऐकवता येईल तिला."

दुपारी फोन पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत तिच्या पायांकडे ठेवला. सिस्टरांनी आवाज अगदी कमी केला आणि बटण दाबलं.

आबा बोलले. ते गेल्यावर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी स्टूल धरलं. मुलीनं डोळे उघडले. कपाळावरची आठी गेली. आकडा स्थिर होता, एक घर वरही चढला. सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या.

दुसरी ओळ आली, लगेच तिसरी, लगेच चौथी. मुलीनं मान वळवली. पाचव्या-सहाव्या ओळीला तिनं एक पंजा उघडला. बोटं ताठ झाली. सिस्टरांनी फोन बंद करायला हात घातला तोवर आकडा उतरायला लागला होता. टिचकी. काही नाही. दुसरी टिचकी. काही नाही. पाठीवरून हात फिरवला. मुलीच्या ओठांभोवतीचा रंग बदलला. "मॅडम, मागे व्हा," सिस्टर म्हणाल्या आणि छोटा मास्क तिच्या तोंडावर धरून रबरी पिशवी दाबू लागल्या. मी मागे झाले. माझी पाठ भिंतीला लागली. पिशवी दाबली की तिची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. ती तिची छाती नव्हतीच, सिस्टरांच्या बोटांची होती. मग केव्हातरी ती रडल्यासारखी झाली, आवाज न करता, आणि आकडा वर चढू लागला.

डॉक्टर आले, त्यांनी तक्ता पाहिला. श्वासासाठी चालू असलेल्या औषधाचा डोस वाढवला. "आज जास्त वेळा झालंय," ते म्हणाले. "उद्या दिवसभर बघू. असंच राहिलं तर परवा सकाळच्या राउंडला नळी घालू. मनाची तयारी ठेवा."

बाहेर बाकावर आई डबा घेऊन बसली होती. नवरा कोपऱ्यात उभा होता. मी दोघांना सांगितलं. मी फोनला हेडफोन लावला आणि रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, या वेळी आकड्याकडे न बघता. ओळीला ओळ चिकटली होती. श्वासाला जागा नव्हती. आवाज आबांचा होता, पण आबा असे कधी बोलत नसत. मी एक बोंड आईच्या कानाला लावलं.

आई थोडा वेळ ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कपाळावर आठ्या होत्या. "ह्यास्नी कुटं यष्टी पकडायची होती का काय?" ती म्हणाली.

मला हसू आलं आणि त्याच क्षणी कळलं. चमचा हवेत धरून बसलेले आबा दिसले. खांबावरचे आबा दिसले. ज्या माणसानं उत्तर आल्याशिवाय कधी हात पुढे केला नाही, त्यानं ते रेकॉर्डिंगही तसंच केलं असणार. एक ओळ म्हणायची, मग माझ्यासाठी थांबायचं, मी नसले तरी. ते गॅप मी म्हणायच्या ओळींचे होते. पोटातल्या मुलीनं कधी एकटे आबा ऐकलेच नव्हते. बाहेरून एक ओळ यायची, मग तिच्याभोवतीचं सगळं शरीर तीच ओळ म्हणायचं. मग पुढची.

"मूळ फाइल आहे का?" मी नवऱ्याला विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "सेव्ह त्याच फाइलवर केलं मी."

"आईच्या फोनमध्ये?"

आई दोघांकडे बघत होती. "मोकळा केला की तो. तुमीच केला न्हवं पाव्हणं?"

तो जिन्यात लॅपटॉप घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत बसला होता. डिलीट झालेलं परत आणायचे सगळे उपाय त्यानं केले. मी जिन्यातून खाली-वर करताना त्यानं एकदाच वर पाहिलं. "मी फक्त रिकामं काढलं गं," तो म्हणाला.

त्या रिकाम्यात आबांचा श्वास होता. आईचा कुकर होता, ओळखीचं कोंबडं होतं, आणि आबा माझी वाट बघत होते. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो जिन्यातून उठला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिस्टरांना म्हणाले, "मला अजून एकदा करून बघायचंय."

"मॅडम, काल काय झालं पाहिलंत ना तुम्ही?"

"एकच ओळ वाजवायची, की थांबवायचं. मी म्हणणार. आकडा हलला तर लगेच बंद."

त्यांनी तक्ता पाहिला. सकाळपासून घंटी थोडी कमी वाजली होती, पण वाजली होती. "एक ओळ," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा हात खिडकीतून आत घालून मुलीच्या पावलाजवळ ठेवला. "मी हात काढणार नाही."

फोन या वेळी माझ्याकडे होता, पिशवीत, अंगठा बटणावर. मी पेटीच्या दुसऱ्या खिडकीला तोंड लावून बसले. बटण दाबलं. आबांची पहिली ओळ झाली. मी अंगठा दाबला.

आता मी म्हणायचं होतं.

आवाज आला नाही. ओठ हलत होते. मुलीचे डोळे उघडे होते, कुठेही न बघणारे. शांततेच्या त्या तासात कुठेतरी पंप टकटकत होता, तेवढाच आवाज. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. मुलीची छाती वर आली, खाली गेली, आणि तिथेच थांबली.

मी आकड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. एक घर खाली. आणखी एक. सिस्टरांचं बोट तळपायाला टेकलं.

"म्हणा," त्या पुटपुटल्या.

मी ओळ म्हटली. आवाज फाटलेला, बसलेला, कुणाचाही वाटावा असा होता. शब्दही मधलाच पहिला आला. पण म्हटली. मुलीची छाती हलली. ती श्वास घेत होती. सिस्टरांचं बोट टेकलं होतं, टिचकी मारली नव्हती. तो श्वास माझ्या आवाजानं आला, की नुसत्या बोटाच्या स्पर्शानं, की त्याची वेळ झालीच होती म्हणून, हे मला आजही माहीत नाही.

आकडा थांबला. मग वर गेला.

"अजून एक?" मी विचारलं. सिस्टरांनी मान डोलावली.

आबांची ओळ. अंगठा. माझी ओळ. पुन्हा आबा. त्यांनी माझ्यासाठी नेमकी किती जागा सोडली होती, ते आता कधीच कळणार नव्हतं. पण मला जेवढा वेळ लागत होता तेवढी जागा होत होती, आणि ते पुढची ओळ धरून थांबल्यासारखे वाटत होते. प्रत्येक ओळीनंतर मी मुलीच्या पंजाकडे बघायचे. मूठ मिटलेली होती. मध्ये एकदा घंटी वाजली आणि माझा जीव उडाला, पण ती पलीकडच्या पेटीची होती. एकदा मुलीनं पाय झाडला. माझ्या ओळीला. मी अडखळले, आणि सिस्टरांना वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. मला वाटलं कुणीतरी आता "दोघींनी म्हटली" असं म्हणेल.

निम्म्यावर आलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बस. झोपली ती." त्यांनी हात काढला आणि बोटं उघडून-मिटून पाहिली. आखडली होती.

त्या संध्याकाळी घंटी वाजली तशी मी बाकावरून उठून काचेशी गेले. नंतर पुन्हा एकदा. मग बराच वेळ काही नाही, आणि ते काही नाही मला जास्त भीतीचं वाटलं. आई म्हणाली, "बस जरा. तू उभी ऱ्हायलीस म्हणून ती श्वास घेतीया व्हय?" मी बसले. नवऱ्यानं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला होता. तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता.

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला आणि फार वेळ पाहत राहिले. सिस्टर रात्रीच्या नोंदी सांगत होत्या. मी कुणाच्याच तोंडाकडे न बघता डॉक्टरांच्या हाताकडे बघत होते. त्या हातानं नळी मागवायची होती.

"डोस लागू पडलेला दिसतोय," ते म्हणाले. मग पेटीत वाकून पाहिलं. "आज नको. थांबू."

सिस्टरांनी त्यांना दुपारचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "चालू ठेवा. कमी आवाजात," एवढंच म्हणाले. औषधानं झालं असेल. मी वाद घालत नाही. मला त्या सगळ्यातला एक शब्द पुरला, थांबू. आबांनी म्हणावा असा शब्द होता तो.

त्यानंतरही पुष्कळ दिवस आम्ही तिथे होतो. घंटी वाजायची, कमी वाजायची, एखादा दिवस वाजायचीच नाही. मी रोज दुपारी अंगठा बटणावर ठेवून बसायचे. माझा आवाज हळूहळू माझा झाला. पलीकडच्या ताईंचं बाळ घरी गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता माझ्या सासूचं काय काय ते तुमच्या लेकीलाही पाठ झालं असेल." मग एका दिवशी आमचीही पेटी रिकामी झाली.

घरी आल्यावर पहिली भीती ही की आकडा नाही. भुकूमच्या फ्लॅटमध्ये ती कापडात गुंडाळून निजलेली असायची आणि मी भिंतीकडे बघायचे, मॉनिटर असल्यासारखी. छाती हलतेय का ते बघायला वाकायचे, नाकाशी बोट धरायचे. मी झोपले की नवराही तेच करतो, हे मला माहीत होतं.

आबांचं रेकॉर्डिंग आता मी क्वचितच लावते. तो घाईतला आवाज मला सोसत नाही. संध्याकाळी मेणबत्ती लावून आता पुढची ओळ मीच म्हणते. नवरा मागे म्हणतो. तो अडखळतो, कधी स्वयंपाकघरातून म्हणतो, कधी हातातलं भांडं खाली ठेवून मग म्हणतो. मला घाई नसते. ओळ म्हणून झाली की मी थांबते. मुलगी माझ्या मांडीवर असते. तो म्हणेपर्यंतच्या त्या वेळात घर अगदी शांत असतं, आणि मला तिचा श्वास ऐकू येतो.